थांबोबाची जीप

मुलांनो, एका जंगलात एक टेकडी होती. टेकडीच्या उतारावर सिंहमहाराजांची सरकारी जीप उभी असायची. बरोबर खाली, पायथ्याशी, एक बीळ होतं. त्यात साळोजी नावाचं साळिंदर बायकोपिलांसह राहायचं. साळोजी गाड्यांचा मिस्त्री होता.

एकदा त्याने जीपचा हँडब्रेक ओढून पाहिला. कट, कट, कट... दांडा पार वर आला, तरी जीप घरंगळतच होती. त्याने ती कशीबशी अडवली आणि मागची चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडले. चाकं दाबून धरणारे ब्रेक-शू झिजून पापड झाले होते. वायर सैल पडली होती.

तो तडक वाहनखात्याच्या कोल्हेसाहेबांकडे गेला.

"साहेब, शू बदला, वायर बदला. नाहीतर हे धूड एक दिवस माझ्या घरात घुसेल."

"आधी पाहणी होईल," साहेब म्हणाले.

पाहणी झाली. समितीने जीप मैदानात नेली. हो, सपाट मैदानात! हँडब्रेक ओढला. तीन सदस्य तासभर टक लावून बसले. जीप हलली नाही.

"साहेब, सपाटीवर भोपळासुद्धा हलत नाही!"

"साळोजी, उगाच काटे फुलवू नका. तुमच्या समाधानासाठी बदलतो."

आणि खरोखरच बदललं. दांड्याची काळी मूठ काढून लाल मखमलीची बसवली. जीप पुन्हा उतारावर आली. जाता जाता साहेबांनी चाकाखाली एक दगड सरकवायला सांगितलं.

दगडाने काम चोख केलं. महिनाभर जीप बोटभरही सरकली नाही. मग माकडांनी त्याला शेंदूर फासला. अस्वलाने नारळ फोडला. दगडाचा थांबोबा झाला. साळोजीची बायकोही रोज फूल वाहू लागली.

"अहो, हात जोडायला काय जातंय तुमचं? आपल्यालाच वाचवतोय ना तो?"

"मला शू हवेत गं, देव नको," साळोजी कुरकुरायचा.

दसरा आला. सकाळीच टेकडीवर ढोल वाजू लागले. साळोजीने बिळातून डोकं बाहेर काढलं.

"काय रे, पालखीत कोण?" त्याने माकडाला विचारलं.

"थांबोबा!"

"मग चाकाखाली कोण?"

माकड डोकं खाजवू लागलं. साळोजीने पिलांना मानगुटीला धरून बाहेर ओढलं, बायकोला ढकललं. मागून धाडकन आवाज झाला. जीप अर्धी बिळात, अर्धी बाहेर. मखमली मूठ तेवढी शाबूत.

समिती आली. जीप हलवून पाहिली. हलेना. साहेबांनी अहवाल सांगितला, "जीप थांबली आहे. म्हणजे ब्रेक उत्तम. यापुढे ती इथेच लावावी."

"आणि आम्ही राहायचं कुठे?"

"अहो, वरची जागा रिकामीच झाली की!"

तात्पर्य : उतारावर गाडी लावताना ब्रेक तपासू नये. खाली कोण राहतं, ते तपासावं. साहेब राहत नसले, तर ब्रेक ठीक असतो.