पहिला वारा लावणाऱ्याचा

"पंखा टांगायला बाहेरचा माणूस? राजेश, तुझा बाप अजून जिवंत आहे!"

हे मी आमच्या चिरंजीवांना छातीवर हात ठेवून सांगितलं. आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, वाक्य चांगलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

झालं असं. मुलुंडची आमची चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला आणि सातव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. जागा झकास! पण भिंती कोऱ्या आणि छताला नुसते हूक. एक ट्यूब सोडली तर पंखे, दिवे, गिझर, सगळं लावायचं राहिलेलं. राजेशने फोनवर भावपत्रक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी चष्मा लावून वाचलं. पंखा लावायचे अडीचशे. गिझरचे साडेचारशे. झुंबराचे सातशे. आणि खाली बारीक अक्षरात, येण्याचे वेगळे!

"येण्याचे वेगळे म्हणजे?" मी विचारलं. "न येता लावतो का हा पंखा? घरी बसून?"

"बाबा, व्हिजिट चार्ज असतो तो."

"आमच्या चाळीत सगळ्या मजल्याचं वायरिंग चहा-भज्यांवर व्हायचं!"

"म्हणून तर दर आठवड्याला फ्यूज उडायचा," राजेश म्हणाला.

पण खरं भांडण पैशांचं नव्हतंच. भांडण होतं समीरचं.

समीर म्हणजे आमचा पंखा. गिरणीच्या बोनसातून घेतलेला, साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात बनलेला. वजन असं की खाली ठेवला तर फरशीच दबकते! त्याच्या पोटाच्या वाटीवर मराठीत पांढऱ्या अक्षरांत नाव कोरलंय: समीर. राजेश पाळण्यात होता तेव्हा तो आमच्या घरात आला. फिरताना टक-टक आवाज करायचा, आणि तो आवाज सुरू झाल्याशिवाय राजेशचा डोळा मिटायचा नाही.

मला अक्षरं आली तीही समीरमुळेच. गिरणी बंद पडली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती आणि मला सही सोडून काही येत नव्हतं. सुगंधा, म्हणजे आमची बायको, सातवी शिकलेली. ती दुपारी मला पंख्याखाली बसवायची आणि बटण बंद करायची. पंखा हळूहळू मंद व्हायचा. वाटीवरची पांढरी रेघ तुटत तुटत तिची अक्षरं व्हायची. "वाचा, मोठ्याने!" सुगंधा म्हणायची. स... मी... र! आयुष्यात मी स्वतःहून वाचलेला पहिला शब्द तो.

आणि राजेशने आणला होता नवा पंखा. तीन पात्यांचा, काडीसारखा बारीक, रिमोटवाला.

"बाबा, रविवारी वास्तुशांत आहे. पाहुण्यांच्या डोक्यावर तो रणगाडा फिरणार का? शनिवारी दुपारी बारा वाजता माणूस येतोय. हॉलमध्ये नवा पंखा लागेल आणि समीर जाईल भंगारात."

"आणि त्याच्या आधी समीर लागून फिरायला लागला तर?"

राजेश हसला. "तर समीर राहील. बस?"

सुगंधा स्वयंपाकघरात होती. तिने तिथूनच भांडं जरा जोरात ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की तो समीरच्या बाजूचा आवाज होता.

मी लगेच लवूला फोन लावला. लवू घाडी, चाळीतला माझा शेजारी. आता मुलाकडे बोरिवलीला असतो. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्याने उभी हयात काढली.

"दशरथा," तो फोनवरच मालवणीत गरजला, "मी आसताना इलेक्ट्रिशियन कित्याक व्हयो? इलंय मी!"

सोबत चेंबूरहून चाळीतल्याच बाळ परबला बोलावलं. कारण पंखा लावणं हे चाळीत एका माणसाचं काम कधीच नसायचं. मेनचा खटका असायचा तळमजल्यावर, जिन्याखाली. वर कुणी तारेला हात लावणार असेल तर खटक्यापाशी एक भरवशाचा माणूस उभा करायचा. वरून आरोळी यायची "बंद!", मधल्या गॅलरीतला ती पुढे द्यायचा "बंद!", आणि खालून उत्तर यायचं "बंद केलं!" मग परत वरून "चालू" येईपर्यंत खटक्यावरचा माणूस जागचा हलायचा नाही. त्याच्या घरचं दूध उतू गेलं तरी नाही! आमच्या चाळीत विजेने कुणी दगावलं नाही ते यामुळेच. आणि खटक्यावर नेहमी बाळ असायचा.

आणखी एक रीत होती. पंखा फिरला की पहिला वारा लावणाऱ्याचा. त्याच्या खाली पाट मांडायचा, लावणाऱ्याला बसवायचं, चहा-भजी द्यायची. त्याने मान डोलावल्यावर मग घरच्यांनी वाऱ्याला यायचं.

शनिवारी सकाळी तिघं जमलो. लवू टॅक्सीने आला, कारण हत्यारांची पेटी जड होती. पेटी उघडली. आत एक पाना, एक टेस्टर आणि सुक्या बांगड्यांची पिशवी.

"सुगंधावैनी, ह्या तुमच्यासाठी."

नाश्ता झाला. चहा झाला. चाळीतलं कोण कुठे गेलं, कोण राहिलं नाही, यावर दुसरा चहा झाला. अकरा वाजले तेव्हा सुगंधानेच आठवण केली, "अहो, बारा वाजता तो माणूस येतोय ना?"

मग धावपळ! लवू शिडीवर. सुगंधा दारात. मी चौथ्या मजल्याच्या जिन्यावर. बाळ तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत.

"मोबाईलवर बोलू की," मी सुचवलं.

"रेंज गेली तर मी जातलंय," लवू शिडीवरून म्हणाला. विषय संपला.

"बंद!" सुगंधा ओरडली.

"बंद!" मी ओरडलो. एका दारातून एक बाई डोकावल्या आणि घाईने कडी लावून घेतली.

आता खाली काय झालं ते ऐका. मीटरच्या खोलीत खटक्यांची ही मोठी रांग. आमचा कुठला, बाळला काय ठाऊक? पण चाळीचा नियम त्याच्या डोक्यात पक्का: मेन म्हणजे सगळ्यात मोठा दांडा. कोपऱ्यात एक लालभडक दांडा होता, हातभर लांब. बाळने दोन्ही हातांनी तो ओढला.

"बंद केलं!"

मी जिने चढून वर आलो तेव्हा लवूने ट्यूबचं बटण दाबून बघितलं. पेटली नाही. "बाळ म्हणजे बाळ!" लवू खूश. आम्ही दोघांनी समीरला उचललं आणि हुकाला अडकवलं. काम मजेत चाललं होतं. मधूनच कुठूनतरी ठोकल्याचा आवाज येत होता, पण नव्या बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी फरशा फोडतच असतं.

तेवढ्यात सुगंधाचा फोन वाजला. ती "हं, हं" म्हणता म्हणता पांढरी पडली.

"अहो! राजेश लिफ्टमध्ये अडकलाय! तो माणूस लवकर आला म्हणून त्याला घ्यायला खाली गेला होता. दोघंही मध्येच लटकलेत!"

"लिफ्टला काय झालं?"

"सगळ्या बिल्डिंगची लाइट गेलीय! वॉचमनने राजेशला कळवलंय, लाल दांडा ओढून कुणी म्हातारा खाली उभा आहे म्हणे!"

मी आणि लवूने एकमेकांकडे बघितलं. बिल्डिंगला जनरेटर आहे. मोठा आहे, हिरवा आहे, उद्घाटनाला त्याला हारही घातला होता. फक्त त्यात डिझेल कुणी घालायचं, यावर सोसायटीची अजून मीटिंग चालू आहे.

"सांग बाळला, चालू कर म्हणून!" मी सुगंधाला म्हणालो.

"खबरदार!" लवू शिडीवर किंचाळला. त्याच्या दोन्ही हातात उघड्या तारा होत्या. "माका भाजूचा आसा काय?"

मी सुगंधाच्या हातातून फोन घेतला. "राजेश, दोनच मिनिटं! लवूकाकाच्या हातात तारा आहेत."

"बाबा, तुम्ही केलंत हे? पंख्यासाठी?" राजेशचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. "अहो, घामाने भिजलोय आम्ही! वारा नाही, काही नाही!"

"लवू, लवकर!"

"लवकर केला तर चुकतला!"

तिकडे खाली निम्मी सोसायटी जमली होती. सेक्रेटरी मृणालिनीबाई पुढे झाल्या. बाळ त्या लाल दांड्यासमोर छत्री आडवी धरून उभा.

"आजोबा, बाजूला व्हा. दांडा वर करायचाय."

"वर माणूस तारेवर आहे."

"लिफ्टमध्ये माणसं अडकलीत!"

"ती जिवंत आहेत ना? मग राहतील. वरून 'चालू' आल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी दांडा वर जाणार नाही!"

वॉचमनने मला हे सांगितलं तेव्हा माझा ऊर भरून आला. सोसायटीने दंड लावलाय तो वेगळा, पण असा माणूस आता मिळत नाही हो.

शेवटी लवूने टेप गुंडाळली आणि शिडीवरून उतरला. "चालू!" सुगंधा ओरडली. मी जिन्यात धावलो. "चालू!" आणि खालून बाळचा खणखणीत आवाज, "चालू केलं!"

मी वर आलो तर समीर फिरत होता! टक-टक, टक-टक! सुगंधाने पदर डोळ्यांना लावला. लवूने पाट ओढला आणि पहिला वारा घ्यायला ऐटीत बसला. बसला. आणि बसूनच राहिला.

"लवू, काय झालं?"

"काय नाय," लवू म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम टिपटिप गळत होता.

तेवढ्यात दार ढकलून राजेश आला. शर्ट पिळून काढण्यासारखा. मागे निळा टी-शर्ट घातलेला तो इलेक्ट्रिशियन, यज्ञेश नावाचा, तोही तसाच. राजेश सरळ पंख्याखाली उभा राहिला. मान वर केली. हात पसरले.

"वारा कुठाय?"

यज्ञेशने डोळे बारीक केले. "काका, हा उलटा फिरतोय. सगळा वारा छताला जातोय."

"गरम हवा वरच जाता ना?" लवू म्हणाला. "पंखो तिका मदत करता!"

तेव्हा मला अचानक सगळं आठवलं. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात लवू हयातभर होता हे खरं. पण तो तिथे शिडी धरायचा! समीर पहिल्यांदा लागला तेव्हाही त्याने शिडीच धरली होती.

राजेशने माझ्याकडे बघितलं. "बाबा, ठरलं होतं ना? बारा वाजून गेले. समीर फिरतोय का, सांगा."

"फिरतोय तर!" सुगंधा पुढे आली. "उलटा की सुलटा, ते ठरलं नव्हतं!"

यज्ञेशला हसू आवरेना. "दोन वायरींची अदलाबदल झालीय फक्त. पाच मिनिटांचं काम. करू का, दादा?"

राजेशने हात हवेत उडवला. "कर बाबा, कर!"

"मेन कुठे आहे?"

आम्ही तिघांनी एकदम खाली बोट दाखवलं. बाळ तर, नुकताच जिने चढून आलेला, परत निघालासुद्धा. यज्ञेश मात्र दाराच्या मागे गेला. तिथे मी स्वतःच्या हाताने, गृहप्रवेशाच्या दिवशी, गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं. त्याने ते उचललं. खाली पांढरी पेटी, आत छोट्या खटक्यांची ओळ. एका बोटाने त्याने एक खटका पाडला. समीर मंद झाला.

मग लवूने घसा साफ केला.

"ह्या तेचाच पिल्लू आसतला."

पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं लागली. समीर सुलटा फिरला आणि असा वारा आला की कॅलेंडरातला गणपती हलायला लागला! राजेश खाली फरशीवरच बसला. भिंतीला टेकला. थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले.

"दादा, हा टक-टक आवाज येतोय तो काढून देऊ का?" यज्ञेशने विचारलं. "बेअरिंग बदलावं लागेल."

मी राजेशकडे बघितलं.

"राहू दे," राजेश डोळे न उघडता म्हणाला. "तो नवा परत करता येतो का बघतो."

झालं! समीर राहिला! सुगंधा चहा टाकायला धावली आणि मी यज्ञेशचा हात धरून त्याला पाटावर बसवलं. पहिला वारा लावणाऱ्याचा. रीत म्हणजे रीत.

"अहो काका, मला पुढचं काम..."

"बस रे! न खाता जायचं नाही इथून."

भजी आली. मग सुगंधाने लवूचे बांगडे भाजले, सोलकढी केली आणि भात लावला. लवूने गिरणीच्या गोष्टी सांगितल्या, ज्यात आता शिडी नव्हती. बाळने छत्री कशी धरली होती ते उभं राहून दाखवलं. यज्ञेश म्हणाला, त्याची आजीसुद्धा परळच्या चाळीत असाच पंखा वापरायची, आणि तिथेच भिंतीला टेकून त्याला डुलकी लागली. राजेश त्याच्या आधीच घोरत होता. आम्ही म्हातारे कुजबुजत बोलत राहिलो. बऱ्याच दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं. दुपार सरली तेव्हा कुठे यज्ञेश दचकून जागा झाला. त्याने फोन बघितला आणि जीभ चावली.

"काका, वाट लागली! 'काम संपलं' हे बटण दाबायचंच विसरलो. आत आलो तेव्हापासून तास चालू आहेत!"

"म्हणजे?" मी विचारलं.

"एका तासाच्या वर गेलं की तासावर चार्ज लागतो. आत्ता बटण दाबलं तर बिल दादांना गेलंसुद्धा. मला मागे घेता येत नाही हो."

राजेशचा फोन टिंग वाजला आणि तो जागा झाला. त्याने बिल बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. आमची भजी, आमचे बांगडे, आमची सोलकढी आणि यज्ञेशची डुलकी, सगळं मिनिटामिनिटाने आमच्याच नावावर मांडलेलं होतं. शिवाय येण्याचे वेगळे!

मी फोन हळूच उलटा ठेवायला लागलो, तर सुगंधाने पंख्याचं बटण बंद केलं. समीर मंद मंद होत थांबला. ती समोर येऊन बसली, अगदी पूर्वीसारखी.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्याने!"

खरं सांगतो, अक्षरं शिकल्याचा मला तेवढा एकदाच पश्चात्ताप झाला.