अंधार असल्याची खात्री

आमच्या संस्थेत एक अंधारी खोली आहे आणि ती अंधारी असल्याची रोज दुपारी तीन वाजता प्रत्यक्ष पाहणी करून रजिस्टरात नोंद केली जाते. पाहणी करणारा कर्मचारी कुलूप काढतो, आत जातो, अंधारात काहीच दिसत नसल्यामुळे दिवा लावतो, चारही कोपरे बघतो, 'खोली अंधारी आढळली' असं लिहितो, सही करतो आणि दिवा बंद करून बाहेर येतो. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. आठ वर्षांत ही पाहणी एकदाही चुकलेली नाही आणि दोन वर्षांत त्या खोलीतल्या शेवंतीने एकदाही कळी धरलेली नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा हे लक्षात यायला मला, म्हणजे वनस्पतींच्या पेशींवर बावीस वर्षं संशोधन केलेल्या डॉ. दिवाकर लांजेवारला, चौदा महिने लागले.

वनस्पतींच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, हा माझा विषय. शेवंतीचं पान रात्रीची लांबी मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली की ते एक निरोप तयार करतं, तो पेशीमागून पेशी ओलांडत शेंड्यापर्यंत पोचतो आणि शेंडा पानं काढायचं सोडून कळी धरतो. अट एकच, रात्र सलग हवी. मध्येच दहा मिनिटं दिवा लागला की पानाला वाटतं, दोन आखूड रात्री झाल्या, आणि निरोप जात नाही. यावर मी तीन देशांत भाषणं दिली आहेत. मदन महल वस्तीतल्या घरी मात्र मी भात शिजताना तीनदा झाकण काढून बघतो, असं माझी बायको लतिका म्हणते. तिचं हे निरीक्षण मी कधी मनावर घेतलं नाही.

आमच्या उन्हाळ्यात मोठे दिवे दिवसा लावले तर खोलीची भट्टी होते. म्हणून झाडांचा दिवस आम्ही रात्री ठेवला होता आणि त्यांची रात्र सकाळी आठ ते रात्री दहा. म्हणजे तीनची पाहणी रोज बरोबर त्यांच्या मध्यरात्री होत असे.

हे सगळं भोगत होती माझी विद्यार्थिनी विनता खोब्रागडे. चार वर्षं खपून तिने शेवंतीची एक नवी जात तयार केली होती. त्या जातीच्या अठरा कुंड्या उरल्या होत्या आणि प्रबंध देण्याची शेवटची तारीख होती एकतीस मार्च. ही जात भलती मानी. तिला सलग एकवीस रात्री हव्यात. एक जरी तुटली तर धरलेली कळीसुद्धा गाळते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कळी टिकली तर विनता डॉक्टर, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

मी तडक आस्थापना विभागाच्या श्यामसुंदरजींकडे गेलो आणि हा मूर्ख नियम कोणी केला, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी शांतपणे फाइल काढली. आठ वर्षांपूर्वी त्या खोलीत एक कर्मचारी दुपारी झोपलेला सापडला होता. त्यावर चौकशी समिती बसली आणि समितीने रोजच्या पाहणीचा नियम सुचवला. समिती एकसदस्यीय होती. खाली माझी सही होती, चांगली ठसठशीत.

"बहुत बढ़िया नियम है सर," श्यामसुंदरजी म्हणाले. "अंधेरे का कोई भरोसा नहीं।"

मी रीतसर अर्ज केला. वर जाताना त्याचा विषय 'अंधाऱ्या खोलीच्या पाहणीस वैज्ञानिकाची हरकत' असा झाला. हरकत आहे त्या अर्थी आत काहीतरी असणार, म्हणून पाहणी दिवसातून दोनदा करण्याचा आदेश निघाला. मी दुसरा अर्ज केला, तेव्हा बाहेरून तीन तज्ज्ञांची समिती आली. त्यांना उजेड आहे तोवर भेडाघाटचा धबधबा बघायचा होता, त्यामुळे त्यांनी वेळ अजिबात दवडला नाही. दिवा लावून ते खोलीत तासभर बसले, तिथेच चहा घेतला आणि अहवालात लिहिलं, 'पाहणीच्या वेळी अंधाऱ्या खोलीत भरपूर उजेड आढळला. याबाबत संबंधित वैज्ञानिकाचा खुलासा मागवावा.' मी खुलासा दिला. तो असमाधानकारक ठरला आणि खोलीत कॅमेरा मंजूर झाला. कॅमेऱ्याला दिसावं म्हणून सोबत एक दिवाही मंजूर झाला. मंजूर झालेली वस्तू आमच्याकडे वर्षभर तरी येत नाही, एवढाच काय तो आधार होता.

मार्च उजाडला. पाहणी प्रत्यक्षात करायचा तो टिकाराम, आमचा परिचर. एके दिवशी विनता खोलीबाहेर डोळे पुसताना त्याला दिसली आणि तो माझ्याकडे आला.

"सर, माही बायको सुमन राखीच्या सणाले गव्हाच्या कजलिया पेरते," तो म्हणाला. "टोपलीत गहू टाकते अन् अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवते. राखीपर्यंत कोनाले डोकावू देत नाही. डोकावलं का पिवळ्या येत नाही. मी दार न उघडताच लिहून टाकतो ना. आपल्याले मतलब रजिस्टरशी."

बावीस वर्षांच्या विज्ञानाला जे सुचलं नव्हतं ते एका टोपलीने सांगितलं. खोटी नोंद करायला मी तत्त्वतः विरोध केला. तो साधारण अर्धं मिनिट टिकला. मग टिकारामने ओमतीच्या बाजारातून नवं कुलूप आणलं, त्याची एक किल्ली विनताकडे राहिली, एक त्याच्याकडे, आणि नऊ तारखेपासून मोजणी सुरू झाली. सकाळी आठच्या आत, दिवे चालू असताना, विनता पाणी घालून जायची. त्यानंतर दार बंद. रजिस्टरात रोज दोनदा 'खोली अंधारी आढळली' आणि सही.

अठराव्या सकाळी विनताने फोन करून सांगितलं की शेंडे जाड होऊन राहिलेत. मी तिचं अभिनंदन केलं आणि जेवताना विचारात पडलो. टिकाराम खरंच दार उघडत नसेल ना? संध्याकाळी रजिस्टर मागवून पाहिलं. छत्तीस नोंदी, कुठे खाडाखोड नाही. जो माणूस इतकी सुरेख खोटी नोंद करतो, तो आपल्याशी तरी खरं कशावरून बोलत असेल? कोणीतरी खात्री करायला हवी होती. जबाबदार माणसाने.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी खोलीपाशी गेलो. टिकाराम स्टुलावर बसला होता. किल्ली द्यायला तयार होईना. "काहून सर? दोनच रोज राहिले," म्हणाला. मी या खोलीचा प्रभारी अधिकारी असल्याची त्याला आठवण करून दिली. त्याने लेखी आदेश मागितला. मी लेखी आदेश दिला.

आत पूर्ण अंधार होता. टिकाराम शब्दाला जागला होता. पण अंधारात तसं काहीच दिसत नव्हतं, म्हणून मी दिवा लावला.

अठराच्या अठरा शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. मला फार आनंद झाला. मी एकेक कुंडी मोजली, मग पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं की मी काय करतो आहे.

विनता दारात उभी होती. तिच्या हातात फोन होता.

"सकाळीच फोटो काढला होता सर," ती म्हणाली. "तुम्हालाच दाखवायला येऊन राहिली होती."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आत येऊन दिवा बंद केला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि अंधारात ती लाज कोणाला दिसत नव्हती हे त्यातल्या त्यात बरं.

बाहेर टिकारामने रजिस्टर पुढे केलं. त्या दिवसाची नोंद त्याने माझ्यासाठी कोरी ठेवली होती. मी लिहिलं, 'खोली अंधारी होती', आणि सही केली. आठ वर्षांतली ती पहिली खरी नोंद असावी.

चार दिवसांत कळ्या गळल्या. विनताने मुदतवाढीचा अर्ज केला आहे. खोलीची प्रत्यक्ष पाहणी करून समिती तो मंजूर करेल. या वेळीही समिती एकसदस्यीय आहे आणि विषयातला जाणकार म्हणून नेमणूक माझीच झाली आहे.

तुम्ही हसत असाल तर हसा. पण आतल्या खोलीत तुमची मुलगी दार लावून अभ्यासाला बसली आहे, आणि ती खरंच अभ्यास करते आहे ना, एवढंच बघायला तुम्ही सकाळपासून ते दार कितीदा उघडलंत, त्याचं रजिस्टर कोणी ठेवलं आहे का?