डोक्याला न विचारता

या, अशा जवळ येऊन बसा. दारातूनच हाक मारून पुढे निघता, ही काय रीत झाली? आमच्या देऊळघाटच्या दिगंबर मास्तरांची ओळख करून द्यायचीय, आणि ती काही उभ्या उभ्या होत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर ओट्यावर लाटणं घेऊन बसतात. पोळ्या लाटायला नाही, पोरांचे गुडघे ठोकायला. पोरगं दिसलं की, "बस बे, पाय लोंबकळू दे." गुडघ्याच्या वाटीखाली टक् करून लाटणं बसतं आणि पाय टुणकन उडतो.

"काऊन बे, मास्तरले लाथ मारतो?"

"म्या नाही मारली, मास्तर! पायानंच मारली!"

बस, एवढं ऐकायलाच तर मास्तर जन्माला आलेत. मग समजावणी सुरू. "डोकं म्हणजे बुलढाण्याची कचेरी. घराले आग लागली तर आधी बुलढाण्याले अर्ज धाडता का? नाही न! गावातच बादली उचलता. तसा हात तव्याले लागला, की पाठीचा कणा गावातल्या गावात हुकूम सोडते, ओढ हात! डोक्याले खबर मागून जाते."

एकदा मी ताक द्यायला गेले, तर माझ्या तोंडापुढे फाडकन टाळी वाजवली. "मिटले! वहिनी, डोळे मिटले!" डोळे मिटले ते खरं, पण ताक सगळं पायरीवर.

माणूस एकटा. मूलबाळ नाही, आणि सखूबाई, त्यांची बायको, निवृत्तीच्या आदल्या साली गेल्या. पोरं होती म्हणून त्या ओट्याला आवाज होता.

पण शेजारच्या गंगूबाईच्या नातवानं घरी जाऊन सांगितलं, "आजी, माहा पाय माहं ऐकत नाही." झालं! गंगूबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि गल्लीभर सांगत फिरली, "मास्तरच्या ओट्यावर लेकरं धाडू नका वं, काही तरी हाये तिथं." चार दिवसांत ओटा ओस. मास्तर आपले स्वतःच्याच गुडघ्यावर टकटक करत बसलेले. मला म्हणाले, "आपला पाय आपल्याले बराबर नाही उडवता येत, वहिनी. दुसरा कोणी लागते."

मग एका बाजाराच्या दिवशी बुलढाण्याच्या एस्टीत मी चढले, तर मास्तर पुढच्या बाकावर. खिडकीकडची जागा सोडून अलीकडे बसलेले. वाटेत म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. आम्ही सगळ्यांनी समोरचा दांडा धरला. मास्तरांचा हात मात्र खिडकीकडच्या रिकाम्या जागेपुढे आडवा गेला, आणि कपाळ दांड्यावर आपटलं.

सखूबाई एस्टीत बसल्या की पेंगत. त्या पुढे पडू नयेत म्हणून मास्तर असाच हात घालत.

मी म्हटलं, "लागलं का हो?"

ते हाताकडेच पाहत होते. "डोक्याले ठाऊक हाये वहिनी, ती गेली म्हणून," म्हणाले. "हातापर्यंत खबर पोचलीच नाही."

हात मागे घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

गंगूबाईला मी किती समजावलं, ती ऐकत नाही. पोरं ओट्यासमोरून अजून पळत जातात. म्हणून म्हणते, सुटी लागली की तुमची लेकरं घेऊन या. जेवायला माझ्याकडे, दुपारभर मास्तरांकडे. पण या हो, लवकर या.