एका 'ला'ची जागा

डॉक्टरीणबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, यात माझा काही दोष नव्हता. दोष मायन्याचा होता. 'सप्रेम नमस्कार' लिहावं, तर बाई अनोळखी. नुसतं 'नमस्कार' लिहावं, तर भांडण झाल्यासारखं वाटतं. 'सादर प्रणाम' म्हणावं, तर त्या माझ्या पुतणीच्या वयाच्या! मायना ठरेना, म्हणून पत्र पुढं सरकेना.

त्या नगरपालिकेच्या प्राणी-निवाऱ्याच्या डॉक्टर. त्यांनी लिहिलं होतं, "सर, निवारा इतका भरलाय की मांजरं फायलींच्या कपाटात झोपतात. प्राण्यांची आवक कमी झाली नाही, तर निवाराच बंद करू म्हणतात. म्हणून नियम बदलतोय. मसुद्याची भाषा तपासून द्याल का? आणि जाता जाता विचारते, आमच्याकडचा एखादा प्राणी तुम्ही सांभाळाल का?"

दुसऱ्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं ते मला सुचेना. पण पहिला प्रश्न! मी जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एरवी रस्त्यात कुणी मला धक्का दिला तर मीच माफी मागतो. पण व्याकरणात मी वाघ आहे, वाघ! माझ्या नजरेतून काना सुटत नाही की वेलांटी निसटत नाही.

मसुद्यात एक वाक्य होतं : 'उचललेल्या प्राण्याला जो ओळखेल, त्याच्या ताब्यात त्याला तिथल्या तिथे द्यावे, निवाऱ्यात आणू नये.' कल्पना चांगली होती. पकडपथकानं आधी गल्लीत विचारायचं, हा कुणाचा? पण भाषा! 'प्राण्याला', 'त्याच्या', 'त्याला', नुसती ठेच! मी पेन्सिलीला टोक काढलं आणि लिहिलं : 'उचललेला प्राणी ज्याला ओळखेल, त्याच्या ताब्यात तिथल्या तिथे द्यावा.' कसं सुटसुटीत! मसुदा पत्राविनाच शिपायाबरोबर धाडला आणि त्या रात्री शांत झोपलो.

नियम मंजूर झाला. सभेत तो कुणी वाचला नसणार, कारण तो मंजूर झाला.

पुढच्याच आठवड्यात आमच्या दाराशी पकडपथकाची गाडी थांबली. मुकादमाच्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला एक तांबडा कुत्रा. मला पाहताच त्याची शेपटी पंख्यासारखी फिरू लागली.

"ओळखलं!" मुकादम ओरडला. "घ्या काका, तुमचा."

"अहो, पण मी याला ओळखत नाही!"

"तुम्ही ओळखायची गरजच नाही. त्यानं ओळखायचं. नियम आहे." त्यानं घडी केलेला कागद उलगडला. "हे बघा, 'प्राणी ज्याला ओळखेल'. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, सरांनी तपासलंय, आता वेलांटीलाही हात लावायचा नाही!"

मी कागद डोळ्यांजवळ नेला. एका 'ला'नं 'प्राण्याला'मधून उडी मारली होती आणि तो 'ज्याला'वर जाऊन बसला होता. आणि ती उडी मीच मारायला लावली होती!

तेव्हाच सांगायचं ना? पण कसं सांगणार? इतक्या वर्षांची अब्रू! शिवाय मुकादम घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला अडवायचं मला जमत नाही.

आता मला ही जनावरं ओळखतात कशी, तर मी रोज बागेतल्या बाकावर वाचत बसतो. खिशात टोस्ट असतो. कुत्रं जवळ आलं की मला 'हाड' म्हणायचा संकोच वाटतो. ओळख नसताना एकदम एकेरीवर कसं यायचं? म्हणून मी टोस्ट पुढं करतो. गावातली निम्मी कुत्री त्या टोस्टावर वाढलेली!

पाठोपाठ आणखी तीन कुत्री आणि तीन मांजरं आली. मग एक शेळी आली. तिनं मला नव्हे, माझ्या शब्दकोशाचं पुठ्ठ्याचं कव्हर ओळखलं आणि खायला सुरुवात केली. मग पोपट आला.

"हा तरी मला कसा ओळखेल?" मी काकुळतीला आलो.

"काका!" पोपट म्हणाला.

"घ्या! नात्यानं हाक मारली. आणखी काय पुरावा पाहिजे?" मुकादमानं पिंजरा माझ्या हातात दिला.

"अहो, तो सगळ्यांनाच काका म्हणत असेल!"

"मला 'मुडद्या' म्हणाला."

माझी थोरली बहीण माझ्याबरोबर राहते. ताई मला अजून 'बाळ' म्हणते, पण त्या दिवशी म्हणाली नाही. तिच्या पलंगावर शेळी रवंथ करत बसली होती.

"हे बघ," ताई म्हणाली, "या घरात एक तर ही राहील नाही तर मी."

"ताई, तिला नियमानं..."

"नियम कुणी केला?"

मी चष्मा पुसू लागलो. ताईला एवढं पुरे असतं.

"तरीच! लहानपणी आईनं 'दूध मांजरापासून जप' म्हटलं, तर तू मांजरालाच दुधापासून जपत बसला होतास!"

शेवटी मुकादमानं एक म्हातारा कुत्रा आणला. एक कान फाटका, डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्याकडे बघून तो भुंकला.

"हा तर ओळखत नाही!" मी आनंदानं ओरडलो.

"हा कुणालाच ओळखत नाही, काका. पण गावभर फिरवला, कुठं उतरेना. तुमच्या फाटकाशी आपणहून उतरला आणि तंगडी वर केली. ओळखीशिवाय कोण असं करतं?"

इकडे निवारा ओस पडला. आवक शून्य! नगराध्यक्ष खूश झाले आणि हा चमत्कार बघायला स्वतः आमच्या अंगणात आले. भाषणाला तोंड उघडलं मात्र, चार कुत्री त्यांच्या अंगावर प्रेमानं झेपावली. कोटाच्या खिशात सँडविच होतं म्हणे.

"ओळखलं!" मुकादम गरजला, आणि चारही दोऱ्या त्यानं साहेबांच्या हातात दिल्या. "तिथल्या तिथे! नियम आहे!"

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा भरली. 'ला' सन्मानानं आपल्या जागी परत गेला.

मग गंमत झाली. आमच्या घराचा बोभाटा एव्हाना गावभर झाला होता. फाटकाशी रांग लागली. "अगंबाई, ही तर आमची ठमी!" "पोपटराव, कुठं होतात?" जो तो आपापल्या प्राण्याला ओळखून घेऊन गेला. शेळीचा मालक शब्दकोशाबद्दल हळहळला आणि 'क्ष'पासून पुढचा भाग शाबूत आहे म्हणून माझं सांत्वन करून गेला.

म्हातारा कुत्रा तेवढा राहिला. त्याला ओळखणारं कुणी आलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या.

"सर, याला मी परत नेते. निवाऱ्यात जागा आहे आता." त्या घुटमळल्या. "फक्त याच्या वयाला तिथली फरशी गार पडते. तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिलं असतंत, तर..."

"देतो!" मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "उद्या. लेखी."

"तोंडी चालेल, सर."

"त्याला नाही जमत," ताई आतून म्हणाली. "लेखीच घ्या. तोवर राहू दे म्हाताऱ्याला. पण पलंगावर नाही!"

रात्रभर मी त्याच्याकडे पाहत बसलो. फाटका कान डावा. झोपेत मागचा उजवा पाय हलतो. भुंकण्याआधी एकदा खोकतो, सभेत बोलायला उभं राहण्याआधी मी खोकतो तसा. पहाटे मी कागद घेतला. मायना लिहिला : 'सप्रेम नमस्कार'. खाली एकच वाक्य : 'उचललेल्या प्राण्याला मी ओळखतो.' 'ला' तीनदा तपासला.

"सप्रेम कुणाला रे?" ताईनं खांद्यावरून वाचलं. "बाईंना की कुत्र्याला?"

मी पाकीट चिकटवलं आणि म्हाताऱ्याला घेऊन टपालपेटीकडे निघालो. वाटभर तो खोकत होता आणि माझ्यावर भुंकत होता. लोक विचारत होते, "कुणाचं हो?" मी प्रत्येकाला सांगत होतो, "माझं."

पत्र पेटीत टाकलं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं प्रथमच शेपूट हलवलं.

पेटीकडे बघून.

बरं झालं, नियम वेळेवर बदलला.