लोट्यातलं टर्पेंटाइन

हिलाल तोलारी शहाणा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी त्याची कीव करणार नाही. नंदुरबारला हीरालाल शेठच्या मिरचीच्या वखारीत तो पोती तोलायचा, वखारीच्या माळ्यावर बायकोसह राहायचा आणि सुटी मिळाली की तिथंच तैलचित्रं रंगवायचा. गुरू नाही, परीक्षा नाही. दाखलेवाल्या सगळ्या चित्रकारांना तो गाढव म्हणायचा. त्यांची चित्रं त्यानं पाहिली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

त्या साली शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली. कमिटीचे अध्यक्ष हीरालाल शेठच. दाखल्याशिवाय जागा कशी द्यायची, असं ते म्हणाले, तेव्हा हिलालनं दाखल्यांवर इतकं तोंडसुख घेतलं की कंटाळून त्यांनी एक अट घातली. त्यांच्या आईचं, सायरबाईंचं चित्र काढायचं. आईनं स्वतः 'ही मीच' म्हटलं तर जागा हिलालची. नाही म्हटलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

सायरबाईंना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. हिलालनं त्यांना हसवलं. तोंडभर. नोकरी मागणाऱ्याचा कुंचला असाच चालतो. वर हा गडी स्वतःला निर्भीड म्हणवून घ्यायचा.

रंग पातळ करायला आणि कुंचले धुवायला सुरतेहून रेल्वेनं टर्पेंटाइनचा डबा आला होता. त्यावर इंग्रजीत काहीबाही छापलेलं आणि खाली ज्वाळेचं चित्र. गोऱ्यांचे हुकूम कचेरीत पुष्कळ आहेत, घरात नकोत, असं म्हणून हिलालनं तो कागद खरवडून काढला. डब्याचं तोंड अरुंद, कुंचला बुडेना. म्हणून टर्पेंटाइन ओतलं पाणी प्यायच्या पितळी लोट्यात. कुंचले पुसलेल्या चिंध्यांचा कोपऱ्यात गुडघ्याएवढा ढीग झाला. बायको, गजराबाई, रोज सांगायची की चिंध्या बाहेर टाका, लोट्यावर काही झाका, खिडकी तरी उघडा. खिडकी उघडली की ओल्या चित्रावर धूळ बसते, हे हिलालचं शास्त्र.

वासाचं म्हणाल, तर मिरचीच्या हंगामात नंदुरबारात कुणाला नाक राहत नाही. शिंकून शिंकून ते बधिर होतं.

चित्र पुरं झालं त्या रविवारी दुपारी सायरबाई बघायला येणार होत्या. सकाळपासून हमाल येऊन बघून गेलेले. नजर लागली असणार म्हणून हिलालनंच चित्राची दृष्ट काढायला लावली. गजराबाईनं खापरात निखारे आणले, मीठ-मिरच्या ओवाळून त्यात टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका कुणालाच लागेना. ठसका लागला नाही म्हणजे नजर भारी, हे तर घरोघर ठाऊक.

"जबरी नजर शे," हिलाल म्हणाला. "खापर आनखी जवय आन."

"तठे चिंध्या शेतस."

"मी सांगस ना, आन."

ती हलली नाही. त्यानंच तिच्या हातातून खापर ओढलं. ते चिंध्यांपासून अजून हातभर लांब होतं, तोच ढीग भक्कन पेटला. हातभर अंतर ठेवलं होतं, असं तो पुढं कित्येक वर्षं सांगत राहिला. आधी वाफ पेटते आणि तीच आग घेऊन पळते, हे बहुधा त्या खरवडलेल्या कागदावर लिहिलेलं असावं.

हिलालनं लोटा उचलला.

"आवो, ते पानी नही शे."

हात आवरला, पण अर्धाच. बहुतेक टर्पेंटाइन शेजारच्या चित्रावर गेलं आणि चार थेंब आगीत पडले. तेवढ्यावर ज्वाळेनं उठून त्याची डावी भुवई नेली. बाजूचं मिरचीचं पोतं धुमसायला लागलं. गजराबाईनं लोटा हिसकावून जिन्यात ठेवला, माठाखालचं ओलं बारदान चिंध्यांवर दाबलं आणि पोत्यावर अख्खा माठ उपडा केला. हिलाल या वेळात कपाळ चाचपत उभा होता.

आग विझली, पण मिरचीचा धूर वखारभर पसरला. हंगामभर मेलेली नाकं एकदम जागी झाली. हमाल खोकत बाहेर पळाले, त्यांच्यामागून सगळा बाजार खोकायला लागला.

"उतरनी तुमनी नजर," गजराबाई म्हणाली.

तेवढ्यात तोंडाला धोतराचा सोगा लावून शेठ आणि मागून पदर लावलेल्या सायरबाई वर आल्या. शेठनी आधी पोतं पाहिलं, मग भुवई, मग चित्र. चित्रातलं हसू टर्पेंटाइनबरोबर ओघळून हनुवटीखाली गेलं होतं. मागं राहिलं होतं नुसतं आवळलेलं, वाकडं तोंड. मास्तरकी तर गेलीच, आता तोलाईही गेली, असं हिलालनं मनाशी धरलं.

सायरबाई बराच वेळ चित्रापुढं तोंड आवळून उभ्या होत्या.

"आ तो म्हूं हूं," त्या आपल्या मारवाडीत म्हणाल्या. ही तर मीच.

चित्रात कुणी हसरी बाई बसवलीय, हे हमालांकडून त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्या भांडायच्या तयारीनं आल्या होत्या.

शेठ शब्दात अडकले. "जागा तुझी," ते शेवटी म्हणाले. "पण शाळेत साठ पोरं आहेत. ते तेल कपाटात कुलपाखाली राहील, आणि किल्ली तुझ्याकडं नाही राहणार. गजराबाईकडं राहील."

तेव्हापासून हा निर्भीड कलावंत रोज सकाळी बायकोपुढं वाटी धरायचा. ती आधी खिडकीचं विचारायची, मग बिडीचं, मग कालच्या चिंध्यांचं. मग मोजून वाटीभर ओतून वर झाकण द्यायची. एकदा चिडून त्यानं विचारलं, मास्तर कोण, तू का मी? ती त्याच्या डाव्या डोळ्याच्या वर नुसती बघत राहिली.

ती भुवई पुन्हा उगवली नाही. हे लिहिताना आत्तासुद्धा माझं बोट तिथंच जातंय.