इंदूबाई हातात काही देत नसत

आमच्या शेजारच्या इंदूबाईंकडे कोथिंबीर मागितली तर ती मिळायची, पण हवेतून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या जुडी भिरकावत आणि वर विचारत, "धरली का गा?" लिंबू, किल्ली, वर्तमानपत्राची गुंडाळी, एकदा तर गरम उकडलेला बटाटा, सगळं असंच यायचं. पोस्टमनने सहीसाठी दिलेलं पेन त्यांनी असंच परत केलं, आणि ते त्याच्या खिशात जाऊन बसलं म्हणून स्वतःचंच कौतुक केलं.

इंदूबाई मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्याच. कुठल्याशा शिबिरात त्या सॉफ्टबॉल शिकून आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती उरल्या, झेलणारी आणि सोडणारी. मला पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या जातीत टाकण्यात आलं. प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते, म्हणून माझ्या हातून सुटलेल्या वस्तूंनी कोणाचं डोकं फुटलं नाही, एवढंच.

या बाईंनी महिला सॉफ्टबॉल लीग काढली होती. पहिल्या वर्षी संघ दोनच. दर रविवारी तेच दोघे खेळत, म्हणजे दर रविवारी फायनल. दुसऱ्या वर्षी महाल वस्तीतल्या बायकांचा तिसरा संघ आला आणि इंदूबाईंना आकाश ठेंगणं झालं. अध्यक्ष, कोच आणि अंपायर त्याच. लीगला त्या 'प्रोफेशनल' म्हणत, कारण प्रत्येक खेळाडूला सामन्यानंतर प्लेटभर तर्री-पोहे मिळत. "फुकट खेळलं त हौस. पोहे भेटले त प्रोफेशनल," हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारा मान डोलावून मोकळा व्हायचा.

सामान घरगुती होतं. बेस म्हणजे भुसा भरलेली पोती आणि होम प्लेट म्हणजे आमचा पोळपाट. तो दर रविवारी नाहीसा व्हायचा आणि आमच्याकडे त्या दिवशी भात व्हायचा. पहिल्याच सामन्यात एक सूनबाई तीनही बेस पार करून वाऱ्यासारखी आली आणि पोळपाटाशी येऊन थांबली. पोळपाटाला पाय कसा लावायचा? ती विचार करत उभी, तोवर मागून चेंडू आला आणि बाद. प्रेक्षकांत दोन तट पडले. शेवटी इंदूबाईंनी निकाल दिला की हात लावला तरी चालेल. तेव्हापासून आमच्या लीगमधली प्रत्येक धाव वाकून नमस्कार करून पूर्ण होत असे. पाहुणे मंडळींना ही काहीतरी धार्मिक स्पर्धा वाटायची.

मी सांगतो आहे त्या वर्षी मात्र प्रकरण गंभीर होतं. मैदान ज्यांच्या ताब्यात होतं, त्या मंडळींनी बजावलं होतं की संक्रांतीनंतरच्या रविवारी पूर्ण चार संघ उभे राहिले तर मैदान बायकांचं, नाहीतर क्रिकेटवाल्या पोरांचं. चौथा संघ आमच्या प्रताप नगरचा. त्यात आठ जणी होत्या आणि नववी मिळत नव्हती. शिवाय इंदूबाईंना वाटेल ती नववी नको होती. त्यांना पहिल्या बेसवर डावखुरीच हवी होती. तसल्या हाताचा एक ग्लव्ह त्यांच्याकडे कोरा पडून होता. त्याला त्या खोबरेल तेल चोळून मऊ ठेवत. रस्त्याने जाणाऱ्या बायकांवर तेव्हा बोरं, पेरू, काय वाट्टेल ते येऊ लागलं, कोणता हात पुढे येतो ते पाहायला. "तोंड खोटं बोलते, हात नाही बोलत," त्या म्हणायच्या.

त्याच संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं. सुधा काळी साडी नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून बायकांना वाण देत होती. शेजारधर्म म्हणून आईने इंदूबाईंनाही बोलावलं होतं. त्या दारातूनच ओरडल्या, "सूनबाई, धर वं," आणि संत्रं सोडलं.

सुधाने ते झेललं. डाव्या हाताने, एका झटक्यात. हलव्याचा बाजूबंद तुटला आणि दाणे सतरंजीभर उधळले. साऱ्या बायका सुधाच्या डाव्या हाताकडे पाहू लागल्या. इंदूबाईंचा चेहरा मात्र असा फुलला होता, जणू त्यांच्याच घरी बारसं आहे.

"तू डावखुरी हायेस का वं?" आईने विचारलं.

सुधाने संत्रं घाईघाईने उजव्या हातात घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. सासरी कळू नये म्हणून ती लग्नापासून लाटणं, विळी, पळी, सगळं उजव्या हाताने रेटत होती. आणि मी, तिचा नवरा, तिच्या वाकड्यातिकड्या पोळ्यांची चेष्टा करत होतो. मला माझी मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई सुधाला मागायला आल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नव्या सुनेनं मैदानात धावायचं नाही. अन् डावा हात चारचौघींत दाखवायचा त बिलकुल नाही."

मग इंदूबाई माझ्याशी बोलल्या, पण आवाज आतपर्यंत जाईल इतका.

"माह्या मायनं हा हात जेवताना पाठीशी बांधला होता, भाऊ. सवय तुटली नाही, मीच तुटली. डाव्या हातानं कोणाले काही दिलं का लोकं तोंड वाकडं करत. मंग मी फेकाले लागली. फेकलं का कोणी हात पाहत नाही गा. सारे वस्तूच पाहतात."

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या फेकण्यावर हसत होतो. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

रविवारी सकाळी आईने पोळपाट धुऊन सुधाच्या हातात दिला. "आपला पोळपाट तिथं जाऊन राहिला, त तू काहून घरी बसतं?" एवढंच म्हणाली, आणि शाल गुंडाळून स्वतःही निघाली.

चार संघ उभे राहिले. मैदान बायकांचं झालं. सुधाने पहिल्या बेसवर तीन जणींना बाद केलं. तरी आम्ही सपाटून हरलो, कारण बाकीच्या आठ जणी माझ्या जातीच्या होत्या. पण इंदूबाई अंपायर असूनही आमच्या बाजूने नाचत होत्या आणि महालवाल्या त्यावर रीतसर भांडत होत्या.

सामन्यानंतर आई तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन उठली. लांबूनच इंदूबाईंनी ओंजळ पुढे केली. "फेका काकू, धरतो मी."

"मी फेकत नसते. इकडं ये."

इंदूबाई आल्या. सवयीने उजवा हात पुढे झाला. आईने तो हळूच बाजूला सारला आणि म्हणाली, "हा नाही वं. तुहा हात दे."

इंदूबाईंनी डावा हात पुढे केला. आईने त्यावर लाडू ठेवला आणि बोटं मिटून दिली. आयुष्यभर काहीही झेलणाऱ्या त्या बाईंना तो लाडू तोंडापर्यंत नेईपर्यंत नीट धरता आला नाही.