पाण्याचा उल्लेख वगळून

सोळा जूनला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फिलिपिन्समधल्या सान गॅब्रिएल प्रांताच्या कापितोल्योत, म्हणजे मुख्य सरकारी कचेरीत, राउटरच्या विस्तार मॉड्यूलचं उद्घाटन झालं. उद्घाटन यशस्वी झालं. मॉड्यूल सुरू झालं नाही. पहिल्या घटनेचे अकरा फोटो निघाले, दोन भाषणं झाली आणि एक अख्खं भाजलेलं डुक्कर संपलं. दुसऱ्या घटनेची नोंद फक्त एका माणसानं घेतली, आणि तो हंगामी होता.

त्याचं नाव एलिसिओ मगबानुआ. कापितोल्योची सगळी यंत्रं नऊ वर्षं तोच सांभाळत होता. दर सहा महिन्यांनी त्याची नेमणूक संपायची आणि नव्यानं व्हायची. त्यासाठी तो अठरा वेळा छातीचा एक्स-रे काढून आला होता, अठरा वेळा पोलिसांचा दाखला घेऊन आला होता, आणि दप्तरी त्याचा अनुभव अजून 'काही नाही' असाच होता. यंदाची मुदत तीस जूनला संपत होती. या खेपेला नव्या नेमणुकीला एक अट जोडली होती: मॉड्यूल चालू असल्याचा अहवाल, एलिसिओच्या सहीचा, तीस जूनच्या आत.

राउटर म्हणजे साऱ्या कचेरीला इंटरनेट वाटून देणारी पेटी. तिच्या रिकाम्या खणात पाटीएवढं हे मॉड्यूल सरकवलं की आणखी आठ वाटा फुटणार होत्या आणि त्या थेट प्रांतातल्या आठ इस्पितळांत जाणार होत्या. तळमजल्यावरच्या सात नंबरच्या खिडकीत गरिबांना हमीपत्र मिळतं: या रोग्याचं बिल प्रांत भरील, डायलिसिस थांबवू नये. आजवर ते पत्र नातेवाईक स्वतः जीपनीत, म्हणजे तिकडच्या खच्चून भरलेल्या वडाप गाडीत, बसून इस्पितळात नेत, तिथला शिक्का घेत आणि परत आणून खिडकीत दाखवत. आता ते आपोआप जाणार होतं. खिडकीवर तसा फलकही लावला होता: 'हमीपत्र, एका मिनिटात'. फलक मात्र पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालू होता.

मॉड्यूलचा दिवा नारिंगी लागायचा आणि नारिंगीच राहायचा. हिरवा व्हायचा नाही. एलिसिओनं ते काढलं, पुसलं, परत बसवलं. राउटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर जुळतं का ते पाहिलं, जुळत होतं. मग खणाचाच दोष असेल म्हणून मॉड्यूल शेजारच्या खणात लावून पाहायचं त्यानं ठरवलं. पण मॉड्यूलवर सामान विभागाची चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर 'खण क्रमांक दोन' असं लिहिलेलं होतं. सामान विभागाच्या प्रमुख पेर्पेतुआ मॅडम यांची परवानगी लागणार होती.

"दोनमधून तीनमध्ये?" मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला. "म्हणजे स्थलांतर."

"मॅडम, चार बोटांचं अंतर आहे."

"अंतर विचारलंय का मी? मालमत्ता हलली की हलली. चार प्रती आण. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही."

"घेणारा मीच आहे."

"आणि देणारा?"

"तोही मीच."

"मग दोघांनीही माझ्यासमोर सह्या करा," मॅडम म्हणाल्या. "मागाहून भांडणं नकोत."

तिसऱ्या दिवशी परवानगी आली. मॉड्यूल चार बोटं सरकलं आणि तिथंही नारिंगीच राहिलं. तेव्हा एलिसिओनं ते बाहेर काढून भिंगाखाली धरलं. एका कोपऱ्यात तांदळाएवढी पांढरी टिकली असते. ओल लागली की ती लाल होते. ती लालभडक झाली होती.

आता त्याला सगळं आठवलं. उद्घाटनाला चर्चचे धर्मगुरू मोन्सिन्योर लेदेस्मा आले होते. नव्या यंत्राला आशीर्वाद म्हणून पवित्र पाणी शिंपायचं हा तिकडचा रिवाजच आहे. त्याशिवाय कचेरीत साधा पंखासुद्धा फिरत नाही. फक्त एरवी ते पेटीच्या बाहेरून शिंपतात. या खेपेला प्रांताचे प्रशासक ॲटर्नी दुमांकास यांनी झाकण काढायला लावलं होतं. आशीर्वाद थेट मॉड्यूलला मिळावा, आणि फोटोत मॉड्यूल दिसावं. मोन्सिन्योरचा हात सैल होता. दोन्ही हेतू साध्य झाले.

एलिसिओनं मॉड्यूल पुरवणाऱ्या कंपनीच्या रेनांतेला फोन लावला.

"नोंग एली, पाणी गेलं तर हमी संपली," रेनांते म्हणाला. वयानं मोठ्या पुरुषाला तिकडे नोंग म्हणतात. "पण आमच्या माणसाच्या देखत गेलं असेल तर वेगळं कलम आहे. आणि मी तर तिथंच होतो, डुकराची पाठ मीच कापली. एक ओळ लिहून पाठवा, 'उद्घाटनाच्या वेळी पाणी पडलं.' खाली अधिकाऱ्याची सही. तिसऱ्या दिवशी नवं मॉड्यूल तुमच्या हातात."

"एवढंच?"

"एवढंच."

कापितोल्योत नऊ वर्षांत एलिसिओला कुणी 'एवढंच' म्हटलं नव्हतं. त्याला तिथंच शंका यायला हवी होती.

तो ओळ टाईप करून ॲटर्नींकडे गेला. "ये तोतो, बस. जेवलास?" ॲटर्नी म्हणाले. वयानं लहान असलेल्या पुरुषाला तिकडे तोतो म्हणतात. हंगामी माणसाला साठीपर्यंत म्हणतात.

"ॲटर्नी, उद्घाटनाच्या वेळी मोन्सिन्योरनी जे पाणी शिंपलं..."

"आशीर्वाद दिला."

"हो. तो आशीर्वाद आत गेला."

"जायलाच हवा. त्यासाठीच तर मी झाकण काढायला लावलं!" एवढं बोलून ॲटर्नी थबकले. आपल्याच वाक्यात आपल्याविरुद्धचा पुरावा दिसला की वकील असा थबकतो. "कुणी काढायला लावलं, हे लिहिलंयस का कुठं?"

"अजून नाही."

"शाबास. आता नीट ऐक. पाणी म्हटलं की लेखापरीक्षक विचारणार, कुणाचं पाणी? देवाचं म्हणावं तर बिशपसाहेबांचा फोन येईल. आपलं म्हणावं तर माझी खुर्ची जाईल. तू दुसरं कारण शोध. उंदीर बघ."

"त्या खोलीत उंदीर नाहीत, ॲटर्नी."

"नऊ वर्षं इथं काढलीस आणि उंदीर नाहीत म्हणतोस? बरं, दमट हवा लिही."

"दमट म्हणजे पाणीच झालं."

"ते हवेतलं झालं. हवा प्रांताच्या अखत्यारीत येत नाही."

एलिसिओ कागद घेऊन परतला. त्या दुपारी त्यानं शेवटचा घरगुती उपाय केला: भिजलेला फोन पुरतात तसं मॉड्यूल कॅन्टीनच्या तांदळाच्या पिंपात दोन दिवस पुरून ठेवलं. मॉड्यूल सुधारलं नाही. पेर्पेतुआ मॅडमची नोटीस मात्र वेळेवर आली: प्रांताची मालमत्ता विनापरवाना कॅन्टीनमध्ये स्थलांतरित केल्याबद्दल खुलासा करावा, तसंच त्या तांदळाचा भात कुणी खाल्ला, त्यांची यादी जोडावी.

मग तो सरळ चर्चमध्ये गेला. मोन्सिन्योर मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"पाणीच होतं रे," ते म्हणाले. "नळाचं. मंत्र म्हटला म्हणून ते वाळत नाही. मी ॲटर्नीला म्हटलंही होतं, बाबा, विजेचं यंत्र आहे, झाकण लाव. तर म्हणाला, मोन्सिन्योर, श्रद्धा ठेवा. आता मला कुणी श्रद्धा ठेवा म्हटलं तर मी काय बोलणार? आण तो कागद."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, झोकदार अक्षरात, सगळं लिहून दिलं: पाणी, झाकण, नळ आणि ॲटर्नी.

त्या पत्रानं कापितोल्योत जी धावपळ झाली तेवढी गेल्या वादळात झाली नव्हती. दुपारच्या आत पाच जणांची समिती बसली. तिनं मेरिएंडाचे, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याचे, भाताचे गोड केक खात तीन तास विचार केला आणि ठराव केला: सदर पत्र धर्मगुरूंनी लिहिलेलं असल्यानं ते धार्मिक स्वरूपाचं आहे, त्यातल्या विधानांबद्दल समितीला नितांत आदर आहे आणि म्हणूनच त्यांची तांत्रिक दखल घेता येत नाही. पाणी पडल्याचा अधिकृत पुरावा नाही. पाणी पडलं नाही म्हणजे बिघाडाला कारण नाही. कारण नसताना बिघाड होत नाही.

"मग ते चालत का नाही?" एलिसिओनं दारातून विचारलं.

"चालत नाही असं कोण म्हणतं?" ॲटर्नींनी विचारलं.

"मी."

"तू एकटा. आणि तुझी नेमणूक तर तीसला संपतेय." ॲटर्नी आवाज चढवत नसत, चढवायची गरज पडत नसे. "तोतो, नियमात दुसरीही वाट आहे. यंत्र चालतं हे यंत्रावरूनच ठरवावं असं कुठं आहे? ज्यांच्यासाठी आणलं त्या लोकांना विचारा. तीस लाभार्थ्यांची समाधानपत्रं घ्या. त्यात एक जरी 'असमाधानी' निघाला, तर मी स्वतः यंत्राची तपासणी लावीन आणि जे निघेल त्यावर सही करीन. पाणी निघालं तर पाण्यावर. आणि सगळे समाधानी निघाले, तर तू मुकाट्यानं अहवालावर सही करायचीस. आहे कबूल?"

एलिसिओला हा सौदा आकाशातून पडल्यासारखा वाटला. सात नंबरच्या खिडकीपुढं माणसं पहाटेपासून ताटकळतात. त्यांतून एक असमाधानी काढायचा! एकोणतीसला नवं मॉड्यूल येईल, हिरवा दिवा लागेल, तो खरं लिहून नेमणूक मिळवील. पंचवीस तारखेला सकाळी तो स्वतःच फॉर्मांचा गठ्ठा घेऊन रांगेशी गेला.

पहिला फॉर्म नोंग सिम्प्लिसिओ या कोळ्यानं भरला. त्याची ही तिसरी फेरी होती. 'सेवेचा वेग' या रकान्यात त्यानं 'अतिशय समाधानी'वर फुली मारली.

"नोंग, तुम्ही तिसऱ्यांदा आलात ना?"

"आलो की. पण 'असमाधानी' लिहिलं तर खाली चार ओळी कारण लिहायला लागतं. आणि पेन आहे एकच, मागं बघ किती लोक खोळंबलेत. मी माझ्यासाठी त्यांना कशाला थांबवू?"

दुसरा म्हणाला, मागच्या वेळी सहा तास लागले होते, यंदा पाचच लागले. समाधान नको का मानायला? तिसरीला वाटलं, फॉर्म भरला तर पत्र लवकर मिळतं. चौथ्यानं पुढच्या तिघांचं पाहून लिहिलं. पुढचे पंचवीस जण चौथ्याच्या मागं उभे होते. एलिसिओ मोजत होता. एकोणतीस फुल्या झाल्या, सगळ्या एका ओळीत, पेरल्यासारख्या.

तिसाव्या होत्या गुम्बान बाई. एलिसिओला पाचवीत त्याच शिकवायला होत्या. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्यानं 'फार आवडलं' असं लिहिलं, तेव्हा याच बाईंनी त्याला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. त्याच्या जिवात जीव आला.

"बाई, कधीपासून उभ्या आहात?"

"साडेचारपासून."

"पत्र एका मिनिटात गेलं का?"

"अजून छापलंही नाही."

"मग तेवढं लिहा. नुसती फुली मारा, खालच्या चार ओळी मी लिहितो."

बाईंनी फॉर्म पूर्ण वाचला. शीर्षकातली एक चूक दुरुस्त केली. मग 'अतिशय समाधानी'वर नेटकी फुली मारली.

"बाई!"

"ओरडू नकोस. ह्यांचं डायलिसिस उद्या सकाळी आहे. हा फॉर्म कोण वाचणार? खिडकीतली ती मुलगी. माझं पत्र कोण छापणार? तीच. तुझं यंत्र बंद आहे हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. एवढ्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहायला तुला माझाच हात का हवाय? तुझ्या हाताला काय झालंय?"

"मी हंगामी आहे, बाई."

"मीही," बाई म्हणाल्या. "आणि ह्यांचं तर विचारूच नकोस." मग त्या खिडकीकडे वळल्या, कारण त्यांचा नंबर आला होता.

"तिसातले तीस!" ॲटर्नींनी गठ्ठा तळहातावर तोलला. "हिरवा दिवा एका खोलीत दिसतो, तोतो. हा प्रांतभर दिसेल."

तीस जूनला दुपारी पावणेपाचला एलिसिओनं अहवालावर सही केली. दोष: काही नाही. सद्यस्थिती: चालू. शेरा: लाभार्थी अतिशय समाधानी. दुसऱ्या दिवशी त्यानं एकोणिसावा एक्स-रे काढला आणि तो नवा माणूस म्हणून रुजू झाला. शेजारच्या दोन प्रांतांनी ते तीस फॉर्म पाहून तसंच मॉड्यूल मागवलं. मोन्सिन्योरनाही तिकडचं बोलावणं गेलं. झाकण बंद ठेवायच्या अटीवर ते गेले. सात नंबरच्या खिडकीपुढं रांग साडेचारला लागते ती लागतेच, आणि रांगेतल्या प्रत्येकाला आता पत्रासोबत एक फॉर्म मिळतो.

वाचकांना ही फिलिपिन्सकडची गंमत वाटेल. वाटू द्या. फक्त त्यांनी एकदा आठवून पाहावं: बँकेत, इस्पितळात, मुलाच्या शाळेत किंवा फोन ठेवता ठेवता, 'आमची सेवा कशी वाटली' असं शेवटचं कुणी विचारलं तेव्हा आपण काय दाबलं होतं? घाई असेल, मागं माणसं उभी असतील, समोरची मुलगी बिचारी बरी वाटली असेल. ते काही असो. कुठल्यातरी कचेरीत आपल्या त्या खुणेच्या जोरावर एक बंद यंत्र या क्षणी व्यवस्थित चालू आहे.